आम्ही मंगेशीला गेलो!

कुठे निघालात, असे आमच्या दिंडोरीत कोणी विचारले तर त्याला खरे उत्तर देण्याची पद्धत नाही. माणूस नाशिकला कोर्टाच्या तारखेला निघालेला असला तरी ‘जरा वणीला, देवीच्या दर्शनाला’ असे सांगून मोकळा होतो. त्यामुळे २०२४ च्या श्रावणात आम्ही दोघे पिशव्या घेऊन एस. टी. स्टँडवर उभे होतो आणि शेजारच्या काकूंनी तोच प्रश्न केला, तेव्हा मीही सहज म्हणून गेले, “मंगेशीला. गोव्याला. देवदर्शन हो!”

यात तसे खोटे काही नव्हते. मंगेशीला आम्ही जाणारच होतो. फक्त त्याच्या आदल्या दिवशी आणखी एका ठिकाणी जायचे होते, आणि ते ठिकाण म्हणजे पणजीला मांडवी नदीत नांगरून ठेवलेले, रात्रभर लखलखणारे द्यूतगृह होते!

वाचकहो, ही कल्पना माझी नव्हे आणि आमच्या ह्यांचीही नव्हे. आमच्या लग्नाला २५ वर्षे झाली म्हणून पुण्याला नोकरीला असलेल्या चिरंजीवांनी ही भेट दिली होती. दोन रात्री हॉटेल, सकाळचा नाश्ता आणि एका संध्याकाळी कॅसिनोच्या बोटीवर प्रवेश, खाणेपिणे त्यातच. “सगळे पैसे भरलेत, परत मिळणार नाहीत,” असे त्याने फोनवर बजावले. परत न मिळणारे पैसे वाया घालवायचे नाहीत, हा आमच्या घराचा धर्म. त्यामुळे जाणे भाग पडले.

पण सासूबाईंना हे सांगायचे कसे?

आमच्या घरात पत्ते नाहीत. दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतात, त्या दिवशी पत्त्यांचा एखादा डाव मांडणे कित्येक घरांत शकुनाचे समजतात. आमच्याकडे तोही नाही. याचे कारण ओसरीवरच्या तसबिरीत आहे. माझे सासरे मी पाहिले नाहीत. तसबिरीत ते फेटा बांधून फार रुबाबदार दिसतात. या रुबाबदार गृहस्थांनी मटक्याच्या आकड्यावर दोन एकर रान घालवले.

हल्लीच्या मुलांना मटका म्हणजे कुल्फी वाटते. मुंबईत पूर्वी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर पैजा लागत. १९६१ मध्ये ते भाव येणे बंद झाले, तेव्हा लोकांनी आकडे काढण्याची घरगुती सोय केली. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला वेगळा काढला. तीन पत्ते ओढायचे, त्यांची बेरीज करायची, बेरजेतला शेवटचा आकडा तो ‘ओपन’. पुन्हा तेच केले की ‘क्लोज’. आकडा लागला तर रुपयाला नऊ रुपये. मुंबईत निघालेला हा आकडा त्याच रात्री खेड्यापाड्यांत पोहोचे. आमचे हे तेव्हा दहा वर्षांचे होते. वडिलांच्या आकड्याची चिठ्ठी मुठीत धरून गल्लीच्या टोकाच्या टपरीवर नेऊन देण्याचे काम त्यांच्याकडे असे. हे त्यांनी मला लग्नानंतर सहा-सात वर्षांनी सांगितले, आणि एकदाच सांगितले.

तेव्हा आम्ही मंगेशीलाच जात होतो, दुसरीकडे कुठे नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण पुढे तिच्यावरच सगळे आले. द्राक्षाच्या व्यापाऱ्याकडे आमचे ४०,००० रुपये मार्चपासून अडकले होते. ‘आज देतो, उद्या देतो’ करीत त्याने ते शनिवारी संध्याकाळी आणून दिले, आणि रविवारी तर आमची गाडी! बँक बंद. घरात सासूबाई एकट्या. आमच्या तालुक्यात व्यापारी माल उचलतो आणि रातोरात नाहीसा होतो, असे प्रकार झालेले आहेत. त्यामुळे हातात आलेल्या नोटेला आम्ही सहसा नजरेआड होऊ देत नाही. मी ते पैसे पर्सच्या आतल्या कप्प्यात घालून बरोबर घेतले. गोडी छाटणीच्या मजुरीचे आणि पहिल्या फवारण्यांचे ते पैसे होते. घराचा हिशेब माझ्याकडे असतो. ह्यांच्या हाती पैसा द्यायचा नाही, हे सासूबाईंनी मला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच सांगून ठेवले होते. “बापाचं रक्त आहे,” त्या म्हणाल्या होत्या. पंचवीस वर्षे मी त्या रक्तावर पहारा दिला.

नाशिकरोडहून मंगला एक्सप्रेसने मडगाव. श्रावणातले कोकण खिडकीतून पाहताना ह्यांना आनंद होण्याऐवजी काळजीच वाटत होती. “एवढं पाणी आपल्याकडे पडलं तर बागेचं काय होईल?” हे वाक्य त्यांनी रत्नागिरीपर्यंत चार वेळा उच्चारले. द्राक्षवाल्याला निसर्गसौंदर्य दिसत नाही. त्याला फक्त डाऊनी आणि भुरी दिसते.

पणजीला सोमवारी संध्याकाळी आम्ही नदीकाठी गेलो. आदिलशहाचा जुना वाडा, त्याच्या शेजारी आबे फारियाचा तो विलक्षण पुतळा, समोर मांडवी, पलीकडच्या काठाला रेइश मागूशचा किल्ला. आणि या सगळ्यांच्या मधोमध, लग्नाच्या वरातीतल्या बत्त्या नदीत सांडाव्यात तशा त्या बोटी! जांभळा, गुलाबी, हिरवा, सोनेरी. पाऊस पडत होता, पाण्यात ते रंग हलत होते. मला तर त्या नदीची कीवच आली.

या बोटी नदीत का, जमिनीवर का नाहीत, हा प्रश्न ह्यांनी विचारलाच. त्याचे उत्तर कायद्यात आहे. गोव्याचा जुगारबंदीचा कायदा १९७६ चा. त्यात १९९२ मध्ये दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत यंत्रावरचा खेळ मान्य झाला. १९९६ च्या दुरुस्तीने टेबलावरचे खेळ जहाजावर मान्य केले. म्हणजे चाक आणि पत्ते पाण्यावर असले तर सभ्य! २००१ च्या सुमारास ‘कॅराव्हेला’ ही पहिली बोट आली, मग बाकीच्या आल्या. त्या मांडवीतून हलवू, असे आश्वासन एकापेक्षा अधिक सरकारांनी दिले आहे. बोटी चांगल्या जड आहेत, हलत नाहीत. १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना मात्र तिथे खेळायला बंदी झाली. माँटे कार्लोचे द्यूतगृहही मोनॅकोच्या नागरिकांना बंद असते म्हणतात. आपल्या घरच्यांनी खाऊ नये असा पदार्थ पाहुण्यांना वाढायचा, ही रीत युरोपातून आलेली दिसते.

आमच्या महाराष्ट्राने तर याहून मौज केली. आपल्याकडेही १९७६ मध्येच कॅसिनोचा कायदा झाला होता. तो कधी अमलातच आला नाही. ४७ वर्षे पुस्तकात पडून राहिला आणि २०२३ मध्ये रद्द झाला. तोवर आणि आजही १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आहेच. तेव्हा दिंडोरीच्या पारावर तीनपत्ती मांडली तर फौजदार येतो. तीच पणजीच्या पाण्यावर मांडली तर सरकार कर घेते. हा कर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे. आणि एक बारीक गोष्ट मी टिपून ठेवली. तिथे ‘जुगार’ हा शब्द कुठे दिसत नाही. सगळीकडे ‘गेमिंग’!

धक्क्यावरून लहान नावेने आम्हांला मोठ्या बोटीवर नेले. मी येवल्याची पैठणी नेसले होते. ह्यांना चपला चालणार नाहीत म्हणून चिरंजीवांनी बूट घ्यायला लावले होते, ते नवे करकरीत होते आणि चावत होते. या बुटांना पुढे फार महत्त्व आले. आत गालिचा इतका जाड की पाऊल रुतावे. वर झुंबरे. कुठे गाणे, कुठे नाच, तर कुठे नुसताच गलका. मुलांना ठेवायला वेगळी खोलीसुद्धा होती! आमच्या प्रवेशात थोडी ‘फुकट’ नाणी होती, पण ती फक्त लावता येत, मोडून पैसे मिळत नसत. म्हणजे गळाला लावलेले गांडूळच की ते, असे मी ह्यांच्या कानात म्हणाले. किती शहाणी होते मी तेव्हा!

हे चक्राच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले आणि माझ्या छातीत धडधडू लागले. तसबिरीतला चेहरा मला टेबलाच्या उजेडात स्पष्ट दिसू लागला. तेच नाक, तीच हनुवटी. मी पर्स छातीशी घट्ट धरून त्यांच्या पाठीशी उभी राहिले.

त्यांनी फुकटची नाणी लावली, दोनदा जिंकले, तीनदा हरले, आणि मग नुसतेच बघत राहिले. ओठ हलत होते. थोड्या वेळाने मागे वळून मला म्हणाले, “अगं, हा मटकेवाल्यापेक्षा प्रामाणिक आहे.”

“म्हणजे?”

“चक्रावर शून्य धरून सदतीस घरं आहेत. प्रत्येक घरावर एकेक रुपया ठेव. सदतीस गेले. जे लागेल त्याचे पस्तीस, आणि आपला एक परत. छत्तीस आले. सदतिसातला एक यांचा. म्हणजे रुपयाला पावणेतीन पैसेसुद्धा नाही. मटक्यात दहा आकड्यांवर दहा रुपये लावले तर नऊ यायचे. रुपयाला दहा पैसे! भाऊंचं रान या दहा पैशांत गेलं.”

भाऊ म्हणजे त्यांचे वडील. काही ठिकाणी चक्राला दोन शून्ये असतात, तिथे हीच तूट सव्वापाच पैशांवर जाते, असेही शेजारच्या एका गृहस्थाने सांगितले. ते गृहस्थ समोरच्या फळ्यावर पाहून खेळत होते. फळ्यावर मागचे आकडे लागलेले असतात. तांबडे पाच वेळा लागोपाठ आले होते, म्हणून आता काळे येणारच, अशी त्यांची खात्री! सगळे टेबल काळ्यावर झुकले. आले पुन्हा तांबडे.

माँटे कार्लोला १८ ऑगस्ट १९१३ रोजी गोळी लागोपाठ २६ वेळा काळ्यावर पडली होती. दर खेपेला लोक म्हणत होते, आता तांबडे आलेच पाहिजे. आणि दर खेपेला जास्त पैसे लावत होते. मी त्यांना हसणार होते, पण हसू आले नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात, २६ तारखेला, नाशिक जिल्ह्यात गारा पडल्या तेव्हा आमच्या आळीत सगळे काय म्हणाले? “यंदा झाली, आता पुढच्या साली काही होत नाही.” गारेला मागच्या सालाची आठवण कुठे असते?

“चल,” हे म्हणाले, “माझे पाय सोलून निघाले. मी वर जाऊन बूट काढून बसतो. तू बघ इकडे तिकडे.”

पंचवीस वर्षांचा पहारा संपला. बापाचे रक्त बूट काढायला वरच्या मजल्यावर निघून गेले. मी मोकळी झाले, आणि गंमत म्हणून, निव्वळ गंमत म्हणून, एका यंत्रापुढे बसले.

त्या यंत्राविषयी मला पुढे मुलाने सांगितले ते आधी सांगते. ही यंत्रे सॅन फ्रान्सिस्कोला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चार्ल्स फे नावाच्या कारागिराने चालती केली. तेव्हा आत खरोखरीची चाके असत. आता आत संगणकाची चकती असते. बटण दाबले त्याच क्षणी निकाल लागलेला असतो. वर चित्रे फिरतात, ती नुसती आपल्या समाधानासाठी. दोन घंटा लागल्या आणि तिसरी अर्ध्यावर येऊन घसरली, म्हणजे ‘थोडक्यात गेले’ असे आपल्याला वाटते. थोडक्यात काही गेलेले नसते. हरण्याचेच ते एक चित्र असते.

पण हे मला तेव्हा कोण सांगणार? माझ्यापुढे दोन घंटा लागत होत्या आणि तिसरी घसरत होती. प्रथम ५०० रुपये गेले. मग खिडकीवर १,००० भरले, यंत्रावर तेवढा आकडा उमटला. त्यातून एकदा १,८०० झाले, आणि यंत्राने असे काही गाणे म्हटले, असे दिवे उधळले, की आजूबाजूच्या चार बायका वळून माझ्याकडे पाहू लागल्या. मी खरे सांगते, लग्नानंतर माझ्यासाठी कोणी वाजंत्री लावली नव्हती. हिशेबाच्या वहीत रात्री अकराला चष्मा लावून फवारणीच्या पावत्या चिकटवणारी बाई मी. तिच्यासाठी एवढे दिवे!

मग ते १,८०० गेले. मग मी आतल्या कप्प्याची चेन उघडली.

किती वेळा उघडली ते मला आठवत नाही. मी हिशेबाची बाई. मला २००९ च्या फवारण्यांचे आकडे तोंडपाठ आहेत, आणि हे आठवत नाही! भिंतीवर घड्याळ कुठे दिसले नाही. खिडकी नव्हती. आनंद तर मुळीच होत नव्हता, हेही सांगते. जिंकायचेही नव्हते. फक्त ती तिसरी घंटा एकदा नीट येऊन थांबावी, एवढेच वाटत होते. मळणीच्या वेळी बैल जसा खाली मान घालून फिरतो, तशी मी बसले होते.

खांद्यावर हात पडला तेव्हा हे अनवाणी उभे होते. बूट हातात.

“दोन वाजले. मला वाटलं तू खाली नाच बघतेस.”

मी पर्स उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी पाहिले, मोजले नाही. आम्ही वर गेलो. पाऊस थांबला होता आणि पणजीचे दिवे शांत दिसत होते. मी तिथे बसून पैसे मोजले. एकवीस हजार पाचशे. साडेअठरा हजार गेले होते.

बराच वेळ हे काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “फयानच्या वेळी काय झालं होतं आठवतंय?”

आठवत होते. २००९ च्या नोव्हेंबरात ते वादळ आले, पावसाने फुलोऱ्यातली बाग धुऊन नेली. हे पहाटे बागेतून परत आले आणि उंबऱ्यावर बसून राहिले. गेलेले पैसे साडेअठरा हजारांच्या कितीतरी पट होते.

“तेव्हा तू मला काय म्हणालीस?”

“भाकरी खाऊन घ्या म्हणाले.”

“मग चल. सोमवार सोडलेला नाहीस तू अजून.”

वाचकहो, श्रावणी सोमवार होता! सकाळपासून माझ्या पोटात शेंगदाण्याच्या लाडवाखेरीज काही नव्हते, आणि उपास सोडायचा असतो याची मला शुद्ध राहिली नव्हती. त्या खेकड्यांच्या आणि कोंबड्यांच्या राशींमधून ह्यांनी शोधशोधून वरणभात आणला. मी तो खाल्ला. फयान पावसाने केले होते आणि हे मी केले होते, हा फरक दोघांनाही कळत होता. त्यांनी तो बोलून दाखवला नाही.

मंगळवारी आम्ही मंगेशीला गेलो. प्रियोळचे ते देऊळ, पुढे सात मजली दीपस्तंभ, पावसाने धुतलेला. मूळ देव कुठ्ठाळीचा. पोर्तुगीजांच्या भयाने १५६० मध्ये भक्तांनी तो रातोरात इकडे आणला. मास्टर दीनानाथांचे आडनाव या गावावरून आले, हे आपल्याला ठाऊक असते. मला ठाऊक नव्हती ती गोष्ट देवळातल्या एका वृद्ध गृहस्थाने सांगितली.

शंकर आणि पार्वती कैलासावर सारीपाट खेळत होते. (वेरूळच्या लेण्यांत हा डाव कोरलेला आहे, तो मी शाळेच्या सहलीत पाहिला होता.) शंकर सर्वस्व हरले आणि कैलास सोडून निघाले, ते थेट या गोमंतकात आले. पार्वती त्यांना शोधीत मागून आली. शंकरांनी तिला भिववायला वाघाचे रूप घेतले. ती घाबरून ओरडली, ‘त्राहि मां गिरीश’, आणि त्यातल्या ‘मां गिरीश’चा झाला मंगेश.

म्हणजे आम्ही ज्याचे नाव पुढे करून निघालो, तो देवच मुळी डावात हरून घराबाहेर पडलेला! ह्यांनी माझ्याकडे पाहिले आणि बोटीवर न हसलेले सगळे हसू त्यांना देवळात आले. तो वृद्ध गृहस्थ रागावलाच.

घरी आल्यावर मी प्रसाद सासूबाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी कपाळाला लावून खाल्ला. देऊळ कसे आहे, गर्दी होती का, सगळे विचारले. मी सगळे खरे सांगितले. दुपारी कपडे भिजवायच्या आधी त्यांनी मुलाच्या विजारीचे खिसे उलटे केले, ही त्यांची पन्नास वर्षांची सवय. एक गोल, रंगीत नाणे टणकन फरशीवर पडले. आठवण म्हणून ह्यांनी ते ठेवून घेतले होते.

सासूबाईंनी ते उचलून डोळ्यांजवळ नेले.

“हे मंगेशीचं नाही,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “किती गेले?”

“साडेअठरा हजार.”

“त्याने?”

“मी.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ओसरीवरून तसबीर बघत होती. पंचवीस वर्षांत त्यांनी माझ्या हिशेबाच्या वहीत एकदाही डोकावून पाहिले नव्हते, इतका विश्वास. आता काय ऐकावे लागेल याची मी तयारी केली.

“त्या रात्री झोप लागली का तुला?” त्यांनी विचारले.

“नाही.”

“ह्यांना लागायची,” त्या म्हणाल्या. “मीच जागी असायची.”

ते नाणे त्यांनी माझ्या हातावर ठेवले आणि विजार बादलीत बुडवली.